मावशी, खण आणि कोलंबियाच्या नद्या

दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांची खणानारळानं ओटी भरणारी बाई अख्ख्या युनायटेड किंगडममध्ये एकच असावी, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघावी, हा माझ्या नशिबाचा भाग आहे. मावशी मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन इकडे आल्या, इथल्या सरकारी इस्पितळात सिस्टर झाल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी डॉक्टरांसकट सगळ्यांना धाकात ठेवलं. आता मिल्टन कीन्समध्ये आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहतात. उंची बेताची, कणा ताठ, पांढऱ्या केसांचा सुपारीएवढा अंबाडा आणि ऊन असो वा पाऊस, अंगात पिवळाधमक रेनकोट. गाडी स्वतः चालवतात. आमच्या गावात पावलोपावली गोल चौक, म्हणजे राउंडअबाउट, आहे, आणि मावशी प्रत्येक राउंडअबाउटला आधी एक पूर्ण फेरी मारतात. मग दुसऱ्या फेरीला हवा तो एक्झिट घेतात. "अहो, आधी सगळे रस्ते नीट बघून घ्यावेत माणसानं," असं त्यावर त्यांचं म्हणणं. मागचे लोक हॉर्न वाजवतात. मावशी त्यांना हात हलवून नमस्कार करतात, कारण त्यांच्या मते तो ओळखीचा हॉर्न असतो.

प्रवासाच्या बाबतीत त्यांचा एकच नियम आहे. ज्या जागेचं फ्रिजवर लावायचं मॅग्नेट मिळतं, तिथे जायचं नाही. एवढ्या एका नियमापायी पॅरिस, रोम, स्वित्झर्लंड आणि आयफोनवर दिसणारं सगळं जग त्यांनी बाद करून टाकलंय. आम्ही एकदा त्यांना हौसेनं लेक डिस्ट्रिक्टला घेऊन गेलो, तर पहिल्याच दुकानात मॅग्नेटची फिरती मांडणी पाहून मावशी गाडीत जाऊन बसल्या. "झालंय ह्या जागेचं लग्न. आता आपण कशाला?" असं त्या तळ्याकडे बघून म्हणाल्या. फोटो त्या काढत नाहीत. फोन फक्त सुडोकूसाठी. पाहून आलेल्या जागेचं वर्णन करा म्हटलं की त्यांच्याजवळ दोनच शेरे असतात. साधारण जागेला 'बरं होतं', चांगल्या जागेला 'छान होतं'. त्याहून वरची जागा असली तर मावशी काहीच बोलत नाहीत. नुसत्या समोर बघत राहतात. हा सर्वोच्च शेरा मी त्यांच्याकडून फार क्वचित ऐकलाय, म्हणजे ऐकला नाहीये.

हा ओटीचा प्रकार मावशींचे यजमान, आमचे काका, गेल्यावर सुरू झाला. काका गेले त्याच्या पुढच्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू कम्युनिटी हॉलमध्ये होतं. वर्षानुवर्षं ते मावशीच भरवायच्या. हॉलचं बुकिंग त्यांचं, तिळगूळ त्यांचा, चहाच्या अर्नशी, त्या नळवाल्या पिंपाशी, भांडण त्यांचं. त्या वर्षीही त्यांनी सगळं केलं आणि मग सगळ्यांबरोबर खुर्चीत बसल्या. कुंकवाचं ताट घेऊन एक नवी लग्न झालेली मुलगी रांगेनं येत होती. चांगली शिकलेली, इकडच्याच एका बँकेत काम करणारी. मावशींसमोर तिचा हात थांबला. तिनं इकडेतिकडे पाहिलं, कोणीतरी ज्येष्ठ बाईंनी डोळ्यांनीच काहीतरी सांगितलं, आणि ताट पुढच्या खुर्चीकडे गेलं. झालं एवढंच. बायकोनं घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी इतका चिडलो की मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो, आणि गणपतीला मोदकांची ऑर्डर कुठे द्यायची हे न कळल्यामुळे गुपचूप परत आत शिरलो. मावशींनी मात्र त्या दिवशी अर्न धुतला, खुर्च्या रचल्या, हॉलला कुलूप लावलं आणि घरी जाऊन नकाशा उघडला.

नकाशात दक्षिण अमेरिकेच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात निळ्या रेघांचा नुसता गुंता दिसत होता. तो देश म्हणजे कोलंबिया. मावशींनी पाहिलं, एवढ्या नद्या, आणि आपल्यातलं कोणी एकही नाव घेत नाही. "अहो जावईबापू, गंगेची ओटी सगळं जग भरतंय. कृष्णेची मी लहानपणापासून भरलीये. पण ह्या बिचाऱ्यांची कधी कोणी भरली असेल का?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "आणि नदीचं एक बरं असतं," त्या म्हणाल्या, "ती विचारत नाही, तुमचे हे कुठे असतात म्हणून." त्यांनी कौन्सिलच्या संध्याकाळच्या क्लासला जाऊन स्पॅनिश शिकून घेतलं. ते त्या अशा ठसक्यात बोलतात की स्पेन हा देश मिरजेच्या अलीकडे असावा असं वाटतं. पण समोरच्याला कळतं, कारण न कळण्याची मुभा नसते.

मग त्या दर वर्षी एकट्या जाऊ लागल्या. जिथे जायला आधी लहान विमान, मग होडी, मग जीप आणि शेवटी पायच लागतात, अशाच जागा निवडायच्या. इनिरिदा नावाच्या नदीवर त्या गेल्या. तिचं पाणी कोऱ्या चहासारखं काळं, आणि काठावर माव्हेकुरेचे तीन प्रचंड काळे खडक आकाशात उभे. मावशींनी होडीतून हळदकुंकू वाहिलं आणि नारळ सोडला. नावाड्याला वाटलं, बाईंचा नारळ पडला. त्यानं तत्परतेनं होडी वळवली, नारळ काढून दिला. मावशींनी परत सोडला. त्यानं परत काढून दिला, या खेपेला जरा ओरडूनच. शेवटी मावशींनी आपल्या स्पॅनिशमध्ये सांगितलं की ही भेट आहे, तेव्हा त्या माणसानं टोपी काढून हातात धरली आणि नारळ दिसेनासा होईपर्यंत होडी तशीच उभी ठेवली. दुसऱ्या एका वर्षी त्या ओसेताच्या पठारावर गेल्या. तिथे थंडीधुक्यात फ्रायलेहोन नावाची मखमली पानांची झाडं माणसांसारखी उभी असतात. ती धुकं पानांवर धरतात, थेंब थेंब खाली सोडतात आणि त्या थेंबांतून नद्या निघतात. मावशींना तिथे एक बोटभर रुंदीची नदी भेटली. ती इतकी तान्ही होती की तिची ओटी भरणं त्यांना पटेना. तिच्या काठावर चिमूटभर साखर ठेवून आल्या. "मोठी झाली की येईन, म्हटलं तिला," हे सांगताना त्यांचा आवाज असा होता की मी त्या वेळी काही विनोद केला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

एकदा माझ्या बायकोनं धीर केला. चैत्रात घरीच हळदीकुंकू ठेवलं, मावशींना पाटावर बसवलं आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन त्यांच्यासमोर बसली. मावशींनी तिचे दोन्ही हात धरले. "सोने, तू माझी गुणाची आहेस. पण तू हे मला वाईट वाटू नये म्हणून करत्येयस. मला दयेची ओटी नको. समोरच्याच्या मनात आपसूक यायला हवं, की ही बाई बसलीये, हिची भरायची. त्यात विचार करायला काही नसावं." बायको रडली. मावशींनी तिला चहा करून दिला आणि विषय संपला. पण मला त्या दिवशी कळलं की इतक्या नद्यांच्या ओट्या भरणाऱ्या या बाईची ओटी रिकामीच आहे, आणि ती आपण कोणी भरू शकत नाही. आपल्याला सगळंच फार माहीत आहे.

पुढे मावशींचा गुडघा बदलला. सर्जन म्हणाला, चाला, पण डोंगर नको. मावशींनी 'पण'च्या आधीचं तेवढं ऐकलं. पाठीवरच्या सॅकमध्ये कणकेची पोती भरून त्या आमच्या लाल सायकलरस्त्यांवरून चालण्याचा सराव करू लागल्या. दोन पोलिसांनी आणि एका पाद्रीबाबांनी त्यांना लिफ्ट देऊ केली. त्यांना आता एकच नदी बघायची होती, कान्यो क्रिस्तालेस. माकारेना नावाच्या डोंगराळ मुलखातली. वर्षातले काही महिनेच तिच्या पोटातली एक वनस्पती रंग धरते आणि नदी लाल होते. तिथे बरीच वर्षं बंदूकधाऱ्यांचं राज्य होतं, कोणी जात नसे, म्हणून ती आपली तिथेच एकटी रंगत बसली होती. घरात ठरलं की या खेपेला मावशींना एकटं सोडायचं नाही. बायकोची ॲन्युअल लीव्ह संपलेली. माझी शिल्लक होती. मी असा माणूस आहे की हॉटेलात ब्रेकफास्ट इन्क्लूडेड नसेल तर मला निसर्ग दिसत नाही. पण बोगोटाच्या विमानात मावशींच्या शेजारच्या सीटवर मीच बसलो होतो.

खण पुण्याहून मागवलेला होता, हिरवा, जांभळ्या काठाचा. तांदूळ आणि नारळ विमानातून नेता येत नाहीत म्हणून ते बोगोटाच्या बाजारात घ्यायचे. मावशींनी एक नारळ कानाशी धरून हलवला. विकणाऱ्या बाईनं तो त्यांच्या हातून काढून घेतला, दुसरा आपल्या कानाशी धरून हलवला आणि तो दिला. दोघींनी एकमेकींकडे तज्ज्ञ नजरेनं पाहिलं. पुढे लहान विमानानं माकारेना गावात उतरलो. तिथे नदीवर जाणाऱ्या सगळ्यांना आधी बसवून नियम सांगतात. सनक्रीम नाही, डासांचं मलम नाही, प्लॅस्टिकची बाटली नाही, अंगाला कसलंही तेल नाही. मावशी मान डोलवत होत्या, कारण यातलं काहीच त्या वापरत नाहीत. आमची गाईड मारिसोल नावाची चाळिशीतली बाई होती, सावळी, दणकट, कमी बोलणारी. ती मावशींजवळ आली आणि थांबली. तिनं वास घेतला. मावशींनी सकाळीच डोक्याला वाटीभर खोबरेल चोपडलं होतं. "हे औषध आहे, हे मोजत नाहीत," असा युक्तिवाद मावशींनी करून पाहिला. मारिसोलनं त्यांना हॉटेलात परत पाठवलं. मावशी केस धुऊन आल्या, मारिसोलनं पुन्हा वास घेतला आणि पुन्हा पाठवलं. मला वाटलं, आता युद्ध होणार. पण ओले केस खांद्यावर सोडून आलेल्या मावशी म्हणाल्या, "कडक आहे पोरगी. माझ्या वॉर्डात हवी होती."

होडीतून मोठी नदी ओलांडली, जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली आणि मग चालणं सुरू झालं. उघडं माळरान, तापलेला जुनापुराणा खडक, त्यातून उगवलेली पांढरी फुलं. मावशी काठी टेकत पुढे, मी धापा टाकत मागे. पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. समोर खडकातून एक नदी वाहत होती आणि पाण्यात काहीतरी तपकिरी, काळपट दिसत होतं. मी मनातल्या मनात रिफंड मागत होतो. आणि मग ढग सरकला.

ते मला नीट सांगता येणार नाही, पण सांगतो. ऊन पाण्यात शिरलं आणि नदी तळापासून लाल झाली. गुलाबी नाही, विटकरी नाही, लालभडक, आणि तो लाल रंग वाहत होता, हलत होता, श्वास घेत होता. जिथे वनस्पती नव्हती तिथे पिवळी वाळू, सावलीत हिरवं शेवाळं, खोल डोहात निळं, आणि मधून काळा खडक. वर पाणी इतकं नितळ की ते आहे की नाही कळू नये. खडकात गोल गोल रांजण पडलेले आणि प्रत्येक रांजणात तो लाल रंग भरून राहिलेला. मी आयुष्यात पहिल्यांदा खिशातून फोन काढायला विसरलो. ही इथे होती. आम्ही राउंडअबाउटवर भांडत होतो, हळदीकुंकवात कोणाला वगळायचं ते ठरवत होतो, तेव्हाही ही इथे कोणी बघत नसताना अशीच वाहत होती. मी मावशींकडे पाहिलं. त्या काही बोलत नव्हत्या.

बऱ्याच वेळानं त्या खडकावर बसल्या, सॅक उघडली आणि खण, तांदूळ, नारळ, हळदकुंकवाचा करंडा बाहेर काढला. मारिसोल धावतच आली.

"नाही, सेन्योरा. पाण्यात काही नाही."

"ही भेट आहे," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे बाईला देतात. नदी बाई आहे."

"बाईच आहे," मारिसोल म्हणाली. "पण हे तिला सोसणार नाही. ती झाडं खडकाला नुसती चिकटून जगतात. जराशी पूड, जरासं तेल, पाय पडला तरी मरतात. रंग जातो."

एवढ्या लांबून, बदललेल्या गुडघ्यावर, बहुधा शेवटची नदी, आणि ती नाही म्हणत होती. पुन्हा एकदा ताट मावशींच्या पुढून गेल्यासारखं मला वाटलं. मावशी करंडा हातात धरून पाण्याकडे बघत राहिल्या. लाल, पिवळं, हिरवं. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"बघा ना जावईबापू," त्या मराठीत म्हणाल्या, "कुंकू आहे, हळद आहे, खणाचा हिरवा रंगसुद्धा तोच. हिनं आपलं आपणच लावून घेतलंय. मी वेडी, हिची कसली ओटी भरायला आल्ये!"

त्यांनी नदीला वाकून नमस्कार केला. मग अडचण उभी राहिली, कारण काढलेली ओटी परत घरी नेत नाहीत. मावशींनी मारिसोलकडे पाहिलं. "तूच घे. पाण्यापासून लांब जाऊ, चल. घरी कोण कोण असतं तुझ्या?"

"दोन मुली," मारिसोल म्हणाली. "नवरा नाही राहिला. इथे वाईट वर्षं होती, तेव्हा गेला."

मी मावशींच्या हाताकडे पाहत होतो. कुंकवात बुडवलेलं बोट थांबतंय का, ते मला बघायचं होतं. थांबलं नाही. तिथून लांब, गवतावर, मावशींनी मारिसोलला हळद लावली, कुंकू लावलं. तिच्या खाकी शर्टाची पुढची बाजू ओढून तिला धरायला शिकवलं आणि त्यात खण, नारळ आणि ओंजळी भरभरून तांदूळ घातले. मारिसोल सगळं गंभीरपणे पाहत होती. नारळ तिनं कानाशी धरून हलवला आणि मान डोलावली. आज घरी नारळ घालून भात करीन, म्हणाली.

आणि मग तिनं असं काही केलं की मला ते अजून आठवतं. तिला वाटलं असणार की ही देवाणघेवाण आहे, आपण घेतलं तर आपणही द्यायचं. तिनं ओटी एका हातानं सावरली, दुसऱ्या हाताचा अंगठा करंड्यात बुडवला आणि मावशींच्या कपाळावर कुंकू टेकवलं. चांगलं मोठं, वाकडं, भुवईपर्यंत उतरलेलं. नियम तिला कोणी सांगितला नव्हता. मग शर्टातल्या तांदळाची एक मूठ भरून तिनं मावशींपुढे धरली आणि कशात घालू म्हणून वाट पाहत उभी राहिली.

मावशींना पदर नव्हता. त्यांनी पिवळ्या रेनकोटाचं टोक दोन्ही हातांनी पुढे धरलं. तांदूळ पडल्याचा रेनकोटावर आवाज झाला. मी नदीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण जावयानं रडू नये असा आमच्याकडे संकेत आहे, आणि नदी तर लालच होती.

ते कुंकू मावशींनी गावात परतल्यावरही पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी रोजच्या आंघोळीत ते गेलं आणि पुन्हा त्यांनी ते लावलं नाही. मी विचारलं नाही. आता त्या फारशा लांब जात नाहीत. सॅकमध्ये कणीक न भरता सायकलरस्त्यावर फिरतात, राउंडअबाउटला मात्र दोन फेऱ्या अजून चालू आहेत. त्या मूठभर तांदळाचं काय झालं, असं मी कधीतरी विचारीन म्हणत होतो. एका रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो तर घरभर नारळीभाताचा वास. माझी बायको ताटं काढायला उठली, तर मावशी म्हणाल्या, "नाही गं. ओटीचे तांदूळ आहेत, रेनकोटाच्या खिशात दडवून आणलेले. जिची भरली तिनंच खायचे असतात."

मग त्या खिडकीशी बसल्या. बाहेर राउंडअबाउटवर गाड्या फिरत होत्या. त्यांनी तो एवढासा भात अगदी सावकाश, शीत न् शीत खाल्ला आणि वाटी मांडीवर धरून तशाच बसून राहिल्या.

"कसा झालाय, मावशी?" मी विचारलं.

मावशी काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या समोर बघत राहिल्या.